एका टक्क्याहून कमी

माझं निम्म्याहून जास्त आयुष्य इंग्रजी बातम्यांचं मराठी करण्यात गेलं. या कामात सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं की त्याची अपेक्षा असते, मी वाक्प्रचार म्हणेन, नाही तर कायद्याची भाषा म्हणेन. प्रत्यक्षात हात थबकतो तो आकड्यापाशी. आणि मोठ्या आकड्यांपाशी नव्हे. मिलियनचे दहा लाख आणि बिलियनचे शंभर कोटी एकदा अंगवळणी पडले की पडले. थांबायला लावतात ते लहान आकडे, एका टक्क्याहूनही कमी असलेले. ‘झीरो पॉइंट फाइव्ह पर्सेंट’, ‘पॉइंट झीरो टू पर्सेंट’, ‘वन टेन्थ ऑफ वन पर्सेंट’.

आज मला या चिमुकल्या टक्क्यांबद्दल बोलायचं आहे. इंग्रजीत ते कसे लिहिले जातात आणि वाचणारा कुठे फसतो, याबद्दल. विषय व्याकरणाच्या तासासारखा वाटेल. पण औषधाची बाटली, बँकेचं पत्रक, लशीची बातमी, मिठाचा पुडा या सगळ्यांवरचे आकडे आपल्या घरात इंग्रजीतूनच येतात, आणि तिथे एक टिंब इकडचं तिकडे झालं तर मामला दहापट किंवा शंभरपट बदलतो.

‘पर्सेंट’ हा शब्द मुळात लॅटिन ‘पर सेंटम’, म्हणजे दर शंभरी. आपलं ‘दर शेकडा’ अगदी तेच. इंग्रज लोक पूर्वी ‘पर सेंट’ असे दोन शब्द लिहून पुढे टिंब द्यायचे, कारण ते ‘सेंटम’चं संक्षिप्त रूप होतं. ब्रिटिशांनी पुढे ते टिंब सोडलं, अमेरिकनांनी दोन शब्द जोडून एक केला. आपल्या संसदेच्या कायद्यांत मात्र ‘पर सेंट’पुढचं ते टिंब अजून दिसतं. साहेब गेला, टिंब राहिलं.

शंभराचं माप एक ते शंभर या टप्प्यात फार सोयीचं आहे. वर्गात शंभर मुलं आहेत, त्यातली बारा गैरहजर, बारा टक्के. डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. पण ०.५ टक्के म्हटलं की शंभरात अर्धं मूल गैरहजर! हे चित्र उभं राहत नाही. मग वाचणाऱ्याचं मन काहीतरी पकडायला धावतं. कुणी ०.५ म्हणजे अर्धा, म्हणजे निम्मी मुलं असं धरतो. कुणी टिंब गाळून पाच टक्के वाचतो. कुणी म्हणतो, शून्यानं सुरू होतंय ना, मग शून्यच. हे तिन्ही प्रकार मी शिकल्यासवरल्या माणसांत पाहिले आहेत. खरं उत्तर दोनशे मुलांत एक.

इंग्रजीतल्या जाणत्या संपादकांना ही अडचण ठाऊक आहे. म्हणून अमेरिकन वर्तमानपत्रांत ‘हाफ ऑफ वन पर्सेंट’ अशी रचना भेटते. एका टक्क्याचा अर्धा. ऐकायला ती लांबलचक आणि थोडी बोजड वाटते, पण ‘वन’ हा शब्द मध्ये घातल्यामुळे निम्म्याचा घोटाळा होत नाही. ब्रिटिश ‘हाफ अ पर सेंट’ म्हणून मोकळे होतात. दुसरा संकेत शून्याचा. टिंबाच्या आधी शून्य हवंच. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या लेखननियमांनी २०१९ मध्ये ‘पर्सेंट’ या शब्दाऐवजी आकड्याला चिकटून टक्क्याची खूण वापरायला परवानगी दिली, तेव्हाही एकापेक्षा कमी टक्के असतील तर आधी शून्य लिहा, हा नियम कायम ठेवला. एका शून्याचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. त्यासाठी दवाखान्यात जावं लागेल.

सलाइनची बाटली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर ०.९ टक्के असं छापलेलं असतं. शंभर मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरमध्ये नऊ ग्रॅम. आपल्या रक्ताला हे प्रमाण मानवतं. यातलं टिंब हरवलं तर उरतं नऊ टक्के, आणि तसलं पाणी शिरेतून गेलं तर माणूस दगावू शकतो. सलाइन कारखान्यात तयार होतं, बाटलीवर छापील चिठ्ठी असते, त्यामुळे तिथे सहसा असं होत नाही. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर होतं. टिंब ही कागदावरची सगळ्यात दुबळी खूण. झेरॉक्समध्ये पुसतं, घडीत जातं, ओळीवर पडलं तर ओळीत मिसळतं. शून्य पुढे उभं असलं तर निदान कळतं की इथे टिंब असणार. म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनं २००४ मध्ये ‘हे लिहू नका’ अशी यादीच लागू केली. तिच्यात या दोन गोष्टीही आहेत. टिंबाआधी शून्य न लिहिता नुसतं ‘.५’ लिहू नका, आणि पूर्ण आकड्यापुढे उगाच टिंब-शून्य लावून ‘१.०’ लिहू नका. पहिल्यात टिंब निसटलं तर पाच होतात, दुसऱ्यात दहा.

आमच्या इमारतीतली एक आठ वर्षांची मुलगी. तिच्या चष्म्याचा नंबर भराभर वाढत होता, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी अॅट्रोपिनचे थेंब रोज रात्री घालायला सांगितले. हल्ली मुलांचा नंबर वाढण्याचा वेग कमी करण्यासाठी हे औषध अगदी सौम्य करून, ०.०१ टक्के प्रमाणात देतात. हेच औषध एक टक्क्याच्या बाटलीतही मिळतं, पण ते तपासणीसाठी डोळ्याची बाहुली मोठी करायला वापरतात आणि त्याचा अंमल कित्येक दिवस टिकतो. चिठ्ठीवर पुढचं शून्य नव्हतं, टिंब रेघेवर बसलं होतं. दुकानदारानं एक टक्क्याची बाटली दिली. दुसऱ्या दिवशी पोरीला उजेड सोसवेना, पुस्तकातली अक्षरं दिसेनात. तिची आई बाटली आणि चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. “काका, यातलं इंग्रजी जरा वाचून सांगता का? दोन्ही एकच आहे ना?” एकच नव्हतं. शंभरपट फरक होता. मी त्यांना त्याच पावली डॉक्टरांकडे पाठवलं. थेंब एकदाच घातले गेले होते, आठवड्याभरात डोळे पूर्ववत झाले. पण त्या माउलीला चिठ्ठी वाचता आली नाही, यात तिचा काय दोष? ती पदवीधर आहे.

टक्क्याला पर्याय म्हणून इंग्रजी औषधांवर कधी गुणोत्तर लिहीत. अॅड्रेनलिनच्या इंजेक्शनवर ‘एकास हजार’ किंवा ‘एकास दहा हजार’ असं असायचं. आता यात जास्त तीव्र कोणतं? घाईत असलेल्या माणसाला दहा हजार मोठे वाटतात. प्रत्यक्षात ते दहापट सौम्य. हे औषध द्यायची वेळ म्हणजे माणूस मरणाच्या दारात असतो, तिथे गणित सोडवायला कुणाला सवड? अखेर २०१६ मध्ये अमेरिकेत या इंजेक्शनांवरून गुणोत्तर काढून टाकलं आणि सरळ ‘एका मिलिलिटरमध्ये इतके मिलिग्रॅम’ असं लिहायला लावलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. ज्याच्या हातात सिरिंज आहे त्याला टक्केही नकोत आणि गुणोत्तरही नको. किती ओढायचं, ते सांगा.

पैशाच्या व्यवहारातली एक गोष्ट गमतीची आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोबाइल ग्राहकाला कंपनीनं दर सांगितला, एका किलोबाइटला ०.००२ सेंट. त्यानं ३५,८९३ किलोबाइट वापरले. या दरानं बिल ७२ सेंटच्या आसपास यायला हवं. आलं ७१ डॉलर ७९ सेंट. म्हणजे आकारणी ०.००२ डॉलरनं झाली होती. त्यानं फोन केला आणि संभाषण ध्वनिमुद्रित केलं. कंपनीची माणसं एकामागून एक फोनवर येतात, ०.००२ सेंट आणि ०.००२ डॉलर यात फरक आहे, हे कुणाच्याच गळी उतरत नाही. एक सेंट आणि एक डॉलर यांत फरक आहे का, विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. शून्य पॉइंट आलं की आकडा ‘फार लहान’ या एकाच गाठोड्यात जातो, आणि मग मागचं एकक कुणी पाहतच नाही. सेंट म्हणजेही डॉलरचा शंभरावा भाग, त्यामुळे टक्क्याचा आणि याचा आजार एकच.

काही वेळा एकक बोलण्यातून गळूनच जातं. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा लोक नुसती ‘पॉइंट ओ एट’ अशी सांगतात. म्हणजे रक्तात ०.०८ टक्के. युटा राज्यानं २०१८ च्या अखेरीस ती ०.०५ वर आणली. जर्मनीत मात्र टक्क्याऐवजी हजारी प्रमाण चालतं. तिथे तीच ०.०५ टक्क्यांची मर्यादा ‘०.५ प्रोमिल’ अशी सांगतात. टक्क्याच्या खुणेत तिरक्या रेघेखाली एक शून्य असतं, प्रोमिलच्या खुणेत दोन. डोळे किलकिले केले तर दिसतं! आपल्या मोटार वाहन कायद्यानं हा घोळच ठेवला नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, असं त्यात सरळ लिहिलं आहे. त्याचे टक्के करायचे तर ०.०३ होतील, पण करायचे कशाला?

आता बँकेकडे वळू. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आणला. हे इंग्रजीत कसं लिहायचं? ‘दर ०.२५ टक्क्यांनी घटला’ असं लिहिलं तर एखादा काटेकोर वाचक म्हणेल, साडेसहाचे ०.२५ टक्के म्हणजे ०.०१६, घट तर तेवढी नाही. आणि साडेसहाच्या मानानं मोजलं तर ही घट जवळजवळ चार टक्क्यांची आहे. म्हणून इंग्रजीनं ‘पर्सेंटेज पॉइंट’ हा वेगळा शब्द ठेवला. आणि बाजारातल्या लोकांना तोही लांब वाटला म्हणून ‘बेसिस पॉइंट’ आला. एका टक्क्याचा शंभरावा भाग. पंचवीस बेसिस पॉइंट म्हटलं की टिंबही नाही आणि शून्यही नाही. युक्ती नामी आहे, फक्त ती ठाऊक असलेल्यांपुरती. तीस लाखांच्या गृहकर्जावर बँकेनं ही कपात पुरती उतरवली तर पहिल्या वर्षाच्या व्याजात साडेसात हजारांच्या आसपास फरक पडतो. पण ज्याचा हप्ता आहे, त्याला ‘पंचवीस बेसिस पॉइंट’मधून हे कळायचं कसं?

इथे मराठी बरी. आपल्या वर्तमानपत्रांचा मथळा असतो, ‘व्याजदरात पाव टक्का कपात’. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड. जुन्या पिढीतली मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकत मोठी झाली. त्या पाढ्यांनी अपूर्णांकाची भीती मोडली होती. आकाशवाणीवर ‘शून्य पूर्णांक पंचवीस शतांश टक्के’ असं म्हणता येतं आणि ते बिनचूकही आहे, पण मला विचाराल तर ‘पाव टक्का’ एका दमात पोचतो. इंग्रजीतही ‘क्वार्टर ऑफ अ पर्सेंट’ आहेच, पण आकडेवारीच्या मजकुरात तो फारसा कुणी वापरत नाही. अर्थात मराठीतही खड्डे आहेत. गावाकडचा सावकार ‘तीन टक्क्यांनी देतो’ म्हणतो, ते तीन टक्के महिन्याचे असतात. वर्षाचे छत्तीस. दर साल की दर महा, हे तो बोलत नाही, आणि गरजवंत विचारत नाही.

पण मघापासून मी ज्या गोष्टीकडे यायचं म्हणतोय, ती ब्रिटनमधली आहे. ऑक्टोबर १९९५. तिथल्या औषधसुरक्षा समितीनं डॉक्टरांना तातडीचं पत्र धाडलं. तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या दुप्पट आहे, असा इशारा. दुप्पट म्हणजे शंभर टक्के वाढ. बातमी वाऱ्यासारखी पसरली. हजारो बायकांनी गोळ्या बंद केल्या, काहींनी पाकीट अर्ध्यावर टाकलं. मूळ आकडे काय होते? आधीच्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार स्त्रियांत एकीला असा त्रास होत असे. नव्या गोळ्यांनी तो सात हजारांत दोघींना. टक्क्यांत लिहायचं तर ०.०१४ वरून ०.०२९. ‘शंभर टक्के वाढ’ खोटं नव्हतं. ‘सात हजारांत आणखी एक’ हेही खरं होतं. पहिलं वाक्य ठळक अक्षरांत छापलं गेलं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आणि यातली कडू गोष्ट अशी की, गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो. म्हणजे ज्या भीतीनं गोळी टाकली, तीच भीती अधिक मोठी होऊन समोर आली.

पत्रात आणि बातमीत ‘सात हजारांत एक, आता सात हजारांत दोन’ एवढं पहिल्या ओळीत आलं असतं तर त्यातल्या किती बायकांनी निदान डॉक्टरांना विचारेपर्यंत गोळी चालू ठेवली असती? निव्वळ ‘०.०१४ टक्के’ छापून मात्र काही साधलं नसतं. त्या आकड्यात कुणालाही माणूस दिसत नाही.

करोनाच्या काळात हा धडा काही प्रमाणात गिरवला गेला. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी अॅस्ट्राझेनेकाच्या लशीबद्दल आकडे जाहीर केले. आपल्याकडे हीच लस कोविशील्ड नावानं दिली जात होती. दोन कोटींहून थोडे जास्त डोस, त्यांत रक्तात विशिष्ट प्रकारच्या गुठळ्या झाल्याच्या ७९ नोंदी, १९ मृत्यू. नियंत्रकांनी सांगितलं, दहा लाखांत सुमारे चार. टक्क्यांत ते ०.०००४ होतात; शून्यं मोजतानाच माणूस दमेल. ‘दहा लाखांत चार’ ऐकल्यावर भीती संपते असं नाही. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याच्यासाठी तो आकडा पूर्ण एक असतो. पण समोर करोनाचा धोका ठेवून तोलायला काहीतरी हातात येतं.

मात्र ‘इतक्यांत इतके’ ही पद्धतही डोळे मिटून घेण्यासारखी नाही. किमिहिको यामागिशी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना मृत्यूचं प्रमाण दोन तऱ्हांनी दाखवलं. दहा हजारांत १,२८६ आणि शंभरात २४.१४. लोकांना पहिलं जास्त धोक्याचं वाटलं. खरं तर दुसरं जवळजवळ दुप्पट आहे. १,२८६ हा आकडा अंगावर येतो आणि खालचे दहा हजार विसरले जातात. तेव्हा एका आजाराचा धोका हजारात आणि दुसऱ्याचा लाखात, असं कुणी शेजारीशेजारी लिहिलं असेल तर जरा संशय घ्या. तुलना करायची तर खालचं माप एकच हवं. मी कामावर असताना आमच्या टेबलापुरता दंडक घातला होता. टक्का एकाच्या खाली गेला की तो हजारात, लाखात किंवा दहा लाखांत करून लिहायचा, आणि बातमी संपेपर्यंत तेच माप ठेवायचं. मूळ टक्केही द्यायचे, पण नंतर. नवी मुलं कुरकुर करायची, कारण जागा जास्त जाते. जाते, खरं आहे.

लहान आकडा म्हणजे नगण्य, असंही नाही. घरातल्या मिठाच्या पुड्यावर ‘पीपीएम’ अशी अक्षरं असतात. ‘पार्ट्‌स पर मिलियन’, दहा लाख भागांत इतके भाग. घरी पोचेपर्यंत मिठात निदान १५ पीपीएम आयोडीन उरलं पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. कारखान्यात त्याहून जास्त घालतात, वाटेत थोडं उडणार हे गृहीत धरून. १५ पीपीएमचे टक्के केले तर ०.००१५. कुणीही म्हणेल, एवढ्यानं काय होणार? एवढ्यानं गलगंड टळतो, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ नीट होते. किलोच्या पुड्यात फक्त पंधरा मिलिग्रॅम. तेही दमट हवेत हळूहळू उडतं, म्हणून पुडा फोडला की मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि बरणी शेगडीपासून लांब.